काळ्या बुरशीचा न गिरवलेला धडा

२०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेमागोमाग 'काळी बुरशी' ऊर्फ म्युकरमायकोसिस या व्याधीने देशात जो हाहाकार उडविला, त्याचे स्मरण आता पुसट होत चालले आहे. त्या वर्षीच्या जुलैपर्यंत ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, ४ हजारांहून अधिक दगावले आणि महाराष्ट्र रुग्णसंख्येत अग्रभागी होता. जे वाचले, त्यांतील कित्येकांना डोळा वा वरचा जबडा गमवावा लागला. विस्मरण हा मनाचा उपकारक धर्म असेल. सार्वजनिक आरोग्याच्या कारभारात मात्र तो दोषच होय.

ही बुरशी नवी नव्हती. तिचे बीजकण मातीत व सडलेल्या पाल्यात सदैव असतात, श्वासावाटे नाकात जातात आणि निरोगी शरीर त्यांना थारा देत नाही. ती एकाकडून दुसऱ्यास जडत नाही. तिचा काळा रंगही तिचा स्वतःचा नव्हे. रक्तवाहिन्यांत शिरून ती रक्तपुरवठा तोडते, त्यामुळे मृत झालेले मांस काळे पडते. मग त्याच वर्षी ती का मातली? कोरोना, आटोक्यात नसलेला मधुमेह आणि स्टेरॉइडांचा बेसुमार वापर यांच्या संगमात याचे मुख्य उत्तर आहे. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील चाचणीने डेक्सामेथासोनचा गुण सिद्ध केला, तो प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांपुरता, रोज ६ मिलिग्रॅम व फार तर १० दिवस. आपण औषध उचलले, मर्यादा मात्र मागे ठेवली.

निदानाचे महत्त्व येथेच आहे. सायनसमधील प्रत्येक बुरशी सारखी नसते. एका प्रकारात बुरशीचा गोळा काढून टाकला की सहसा भागते. ॲलर्जीच्या प्रकारात शस्त्रक्रियेनंतर स्टेरॉइड हेच औषध ठरते. आणि ऊतींत घुसणाऱ्या प्रकारात तेच स्टेरॉइड घातक होते. मधुमेही माणसाचा गाल बधिर झाला, डोळा सुजला, एकाचे दोन दिसू लागले वा दात अकारण हलू लागले, तर 'सर्दी आहे' म्हणून दिवस काढणे म्हणजे मृत्यूला मुदत देणे होय. दुर्बिणीने नाक तपासून घेतलेला ऊतीचा तुकडा पोटॅशच्या द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर काही तासांतच बुरशीची ओळख पटू शकते. रोग डोळ्याकडे वा मेंदूकडे सरकला का, हे एमआरआय सांगते. पुढे साखरेवर नियंत्रण, मृत भाग काढणारी शस्त्रक्रिया व अँफोटेरिसिन ही तिन्ही एकदमच हवीत. ॲस्परजिलस बुरशीवर गुणकारी असलेले व्होरिकोनाझोल येथे निरुपयोगी असते.

मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना हा आजार नोंदणीयोग्य ठरविण्यास सांगितले, तेव्हा अँफोटेरिसिनसाठी नातलग वणवण करीत होते. त्यातून शहाणपण घ्यावयाचे तर तीन गोष्टी अगत्याच्या आहेत: चिठ्ठीविना स्टेरॉइड विकण्यास खरोखरीचा पायबंद, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात नाकाची दुर्बीण व बुरशी ओळखणारा तज्ज्ञ आणि औषधाचा राखीव साठा. यांतील एकही गोष्ट आपल्या आवाक्याबाहेरची नाही. साथ ओसरली, पण मधुमेह घरोघर आहे आणि स्टेरॉइडाची गोळी आजही स्वस्त आहे. बुरशीला आणखी काय हवे असते?