सहलीचा निबंध : अंदमानात कोण राहतं?

दिवाळीच्या सुट्या संपल्या की आठवीच्या वर्गाला मी हमखास एक विषय देतो, ‘मी केलेला प्रवास’. आमच्या अकोटकडच्या शाळेत निम्म्या मुलांचा प्रवास शेगावात संपतो, उरलेल्यांचा चिखलदऱ्यात नाहीतर मामाच्या गावात. या वर्षी मात्र एक मुलगा आईवडिलांसोबत थेट अंदमानला जाऊन आला. चांगला दोन पानी निबंध लिहिला त्याने. सेल्युलर जेलचं बांधकाम १८९६ ते १९०६, सावरकरांची कोठडी, संध्याकाळचा ध्वनी-प्रकाश कार्यक्रम, हॅवलॉकची पांढरी वाळू, काचेच्या तळाच्या बोटीतून दिसणारी प्रवाळं. शुद्धलेखन नीट. मी दहापैकी नऊ गुण दिले आणि वर्गासमोर वाचायला लावला.

वाचून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “सर, तिथी लोकं नाही रायत का?”

वर्ग हसला, मीही हसलो. पण घरी येऊन वही पुन्हा उघडली तेव्हा दिसलं की पोरीचं बरोबर आहे. दोन पानांत घरची चार माणसं आणि ‘एक टॅक्सीवाला’, एवढीच वस्ती. बाकी नुसता समुद्र.

दोष मुलाचा नाही. मी स्वतः काही वर्षांपूर्वी अंदमानला गेलो होतो तेव्हा असाच गेलो होतो. रेल्वेने चेन्नई, तिथून विमान, पाच दिवस, ठरलेली ठिकाणं. बाराटांगच्या गुहा बघायला जाताना गाड्यांचा ताफा जारवांच्या राखीव जंगलातून जातो. थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, खायला काही द्यायचं नाही, अशी सक्त ताकीद असते. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने या रस्त्याचा त्या जंगलातला भाग बंद करा असं सांगितलं होतं. रस्ता तरीही चालू राहिला. आमच्या गाडीत पूर्ण वेळ एकच प्रश्न चालला होता, “दिसले का? दिसले का?” हाच प्रश्न मी मेळघाटात, सेमाडोहच्या सफारीत शंभरदा ऐकलेला आहे. तिथे तो वाघाबद्दल असतो. इथे माणसांबद्दल होता, आणि खिडकीला नाक लावून बसलेल्यांत मीही होतो. हे लिहिताना आजही ओशाळल्यासारखं वाटतं.

तर अंदमानात कोण राहतं? २०११ च्या जनगणनेत अंदमान-निकोबारची लोकसंख्या ३,८०,५८१ होती. आपल्या एकट्या अमरावती जिल्ह्याची त्याच वेळी २८ लाखांच्या वर. पण त्या पावणेचार लाखांत काय काय आहे बघा. काळ्या पाण्याच्या कैद्यांचे वंशज, जे स्वतःला ‘लोकल’ म्हणवतात. फाळणीनंतर आणून वसवलेले बंगाली निर्वासित. इंग्रजांनी जंगलतोडीसाठी छोटा नागपुरातून आणलेल्या मजुरांची कुटुंबं, त्यांना तिथे ‘रांची’ म्हणतात. १९२१ च्या बंडानंतर मलबारातून पाठवलेले मोपला. १९२५ साली ब्रह्मदेशातून आलेले कॅरेन. आणि या सगळ्यांच्या हजारो वर्षं आधीपासूनचे ग्रेट अंदमानी, ओंगे, जारवा, सेंटिनेली. निकोबारात निकोबारी आणि शोंपेन. निकोबारींच्या नावेला म्हणतात ‘होडी’! वर्गात सांगितलं तर पोरं चमकली, “आपलाच शब्द!”

आता खरी गोष्ट सांगतो, जी मला फार उशिरा कळली. या बेटांच्या अगदी दक्षिण टोकाला ग्रेट निकोबार आहे. पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम) पासून समुद्राने पाचशे किलोमीटरच्या वर. भारताचं दक्षिण टोक म्हणजे कन्याकुमारी असं आपण सहज सांगून टाकतो. देशाचं टोक खरं तर या बेटावरचं इंदिरा पॉइंट. सुमात्रा तिथून पोर्ट ब्लेअरपेक्षा कितीतरी जवळ. तिथे १९६९ पासून सरकारने माजी सैनिकांची कुटुंबं नेऊन वसवली. पंजाबातली होती, केरळ-तमिळनाडूतली होती, आणि महाराष्ट्रातलीही होती. म्हणजे तिथे मराठी घरं आहेत, नारळी-सुपारीत राबलेली. जंगल तोडून त्यांनी शेती उभी केली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने किनाऱ्यावरच्या वस्त्या धुऊन नेल्या. इंदिरा पॉइंटची जमीन काही मीटर खचली आणि दीपस्तंभाचा पाया पाण्यात गेला.

त्याच लाटेनंतर पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या निकोबारींना त्यांच्या गावांतून उचलून कॅम्पबेल बेजवळच्या वसाहतीत आणलं. तात्पुरतं म्हणून. आम्हाला परत आमच्या गावांना जाऊ द्या, असं ते तेव्हापासून म्हणताहेत. आता त्या बेटावर मोठं बंदर, विमानतळ, वीजप्रकल्प आणि नवं शहर व्हायचं आहे. सुरुवातीचाच अंदाज ७२ हजार कोटी रुपये. सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल त्यासाठी वळतं करायला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. त्याच वर्षी तिथल्या आदिवासी परिषदेने आधी दिलेलं ना-हरकत पत्र मागे घेतलं. तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात झाडं कुठे लावायची? हरियाणात! हे सांगितल्यावर वर्गातला सगळ्यात शांत मुलगा म्हणाला, “तिकळच्या पाखराईले सांगा मंग, हरियाणात जा म्हणून.”

देशाला बंदर हवं की नको, हे मी ठरवणारा नाही. सुरक्षेची बाजू आहे, व्यापाराची आहे. पण हा प्रश्न वऱ्हाडातल्या मुलांना जितका समजेल तितका मुंबई-पुण्याच्या मुलांना समजणार नाही, याची मला खात्री आहे. कारण ज्या मुलीने प्रश्न विचारला तिचं गाव मेळघाटातून उठून आमच्या तालुक्यात आलेलं आहे. १९७४ च्या सुमारास व्याघ्र प्रकल्प झाला, पुढे गाभ्यातली गावं एकेक करून हलवली, त्यातली बरीचशी अकोला जिल्ह्यात अकोट-तेल्हाऱ्याकडे. काहींचं बरं झालं. काही कुटुंबं जमीन आणि सोयी मिळाल्या नाहीत म्हणत पुन्हा जंगलाकडे गेली. जानेवारी २०१९ मध्ये तिथे पोलीस-वनखात्याशी झटापट झाली, ती आपण पेपरात वाचली आहे. एकीकडे जंगल वाचवायला माणसं उठवली, दुसरीकडे जंगलच उठवायचं आहे. आणि दोन्हीकडे गाव सोडून बसलेला माणूस विचारतोय, आम्हाला कधी कोणी विचारलं का? आमच्या वर्गात या प्रश्नाचा जाणकार मागच्या बाकावर बसतो, आणि मी अंदमानचा धडा नकाशावर छडी ठेवून शिकवत होतो.

काही पालक म्हणतील, सर, सहलीच्या निबंधात हे वाद कशाला? पोरांना मजा करू द्या की. एका सहकारी बाईंनी तर स्टाफरूममध्ये तोंडावर सांगितलं, “स्कॉलरशिपच्या पेपरात हे येत नाही.” खरंय, येत नाही. पण मी वाद लिहा असं म्हणतच नाहीये. मी म्हणतो, माणसं लिहा. जेलही लिहा, जरूर लिहा. तिथे दहा वर्षं काढलेल्या आपल्या माणसाच्या कोठडीसमोर माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. पण त्या भिंतींबाहेर आज भाजी कोण विकतं, शाळेत कोणती भाषा चालते, बोटीवर काम करणारा कुठून आला, हे विचारायला पैसे पडत नाहीत. निकोबारला तर परवान्याशिवाय जाताही येत नाही, बोट दोन-दोन दिवस घेते; तिथे आपण बहुधा जाणारच नाही. मग निदान वर्गात तरी त्या बेटावर माणसं असू द्या.

आणि पालकहो, यासाठी विमानाचं तिकीट लागत नाही. चिखलदऱ्याला जाताच ना? भीमकुंड, गाविलगड, कॉफी, रबडी झाली की परत. एकदा धारणीच्या बाजारात तासभर थांबा. कोरकू बाया काय विकतात, काय घेतात, लेकरांना पाहू द्या. फोटो नका काढू.

अंदमानच्या त्या मुलाला मी वही परत दिली आणि म्हटलं, नऊ गुण तसेच राहतील, फक्त टॅक्सीवाल्यावर एक परिच्छेद लिहून आण. चार दिवस तो याच माणसासोबत फिरला होता. पोरगं बराच वेळ डोकं खाजवत उभं राहिलं. नाव आठवत नव्हतं.

“बाबाच्या मोबाइलमधी नंबर असन सर,” तो म्हणाला, “रात्री फोन लावतो.”