ओपीची खिडकी आणि आपली स्मरणिका



माझा मावसभाऊ नोकरीनिमित्त अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना राज्यात असतो. सप्टेंबरच्या शेवटी त्याने माउंट एअरी नावाच्या गावातले फोटो पाठवले. साधारण दहा हजार वस्तीचे गाव. मुख्य रस्त्यावर जुन्या फोर्ड पोलीस गाड्यांची मिरवणूक, कडेला खुर्च्या टाकून बसलेली माणसे, कुणी हवालदाराच्या वेशात, कुणी न्हाव्याच्या. खाली त्याने लिहिले होते, "दादा, आपल्या फेस्ताचीच आठवण झाली बघ." फरक एवढाच, की हे फेस्त कुणा संताचे नव्हते. एका टीव्ही मालिकेचे होते.

'द अँडी ग्रिफिथ शो' ही मालिका १९६० ते १९६८ अशी आठ वर्षे सीबीएस वाहिनीवर चालली. एकूण २४९ भाग झाले. मेबेरी नावाच्या गावाचा शेरीफ अँडी, त्याचा आईविना वाढणारा मुलगा ओपी, घर सांभाळणारी बी आत्या आणि गडबड्या डेप्युटी बार्नी. शेरीफ सहसा बंदूक बाळगत नाही. बार्नीला एकच गोळी मिळते, तीही खिशात ठेवायची! मुख्य नट अँडी ग्रिफिथ मूळचा माउंट एअरीचा, म्हणून १९९० पासून दरवर्षी तिथे 'मेबेरी डेज' साजरे होतात. लोक दुरून येतात, मालिकेवरच्या प्रश्नमंजूषेत भाग घेतात, पोलीस गाडीतून गावभर फेरी मारतात.

खरे सांगतो, आधी मला हसू आले. चर्चमध्ये यायला वेळ नसतो आणि एका जुन्या मालिकेसाठी एवढी यात्रा! पण थोडे वाचल्यावर हसू ओसरले.

ग्रिफिथला लहानपणी ट्रॉम्बोन वाजवायला शिकवले ते तिथल्या ग्रेस मोरेवियन चर्चच्या पाळकांनी. पुढे पाळक व्हावे असेही त्याच्या मनात होते. १९६३ मधल्या एका भागात घाईत असलेल्या एका व्यापाऱ्याची गाडी रविवारी मेबेरीजवळ बंद पडते. मेकॅनिक रविवारी काम करत नाही, टेलिफोनची लाइन दोन म्हाताऱ्या बहिणींच्या गप्पांनी अडवलेली. आधी तो संतापतो. संध्याकाळ होता होता ओसरीवरच्या शांततेत त्याचाही पाय निघत नाही. विश्रांतीच्या दिवसावर मी कॅटेकिझमच्या वर्गात पुष्कळ बोललो आहे, पण इतके सोपे करून मला कधी सांगता आले नाही. १९९८ साली अलाबामातल्या हंट्सव्हिलमध्ये दोन मित्रांनी याच मालिकेचे भाग दाखवून चर्चमध्ये बायबलवर्ग सुरू केला, याचे म्हणूनच मला नवल वाटत नाही.

आणि बेटी लिन. मालिकेत बार्नीच्या मैत्रिणीची भूमिका करणारी ही नटी २००७ मध्ये कॅलिफोर्निया सोडून माउंट एअरीला राहायला आली. तिथल्या संग्रहालयात ती चाहत्यांना भेटत असे. २०२१ मध्ये ती वारली. माणसाला आपलेपणाची भूक किती असते, हे यावरून कळते. त्या भुकेला हसू नये. ती देवानेच आपल्यात ठेवली आहे.

पण दोन गोष्टी मनातून जात नाहीत. एक, मेबेरी हे गाव कधी नव्हतेच. त्याचे रस्ते म्हणजे कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीतला स्टुडिओचा देखावा. दुसरी अधिक जड आहे. मालिका सुरू झाली त्याच वर्षी, १ फेब्रुवारी १९६० ला, त्याच नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो शहरात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी एका दुकानातल्या फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या खाद्यकाउंटरवर जाऊन बसले. त्यांना काही वाढले गेले नाही, तरी ते उठले नाहीत. मेबेरीत मात्र याचा मागमूस नाही. आठ वर्षांत संवाद असलेले कृष्णवर्णीय पात्र येते ते १९६७ मधल्या एका भागात. आठवणीतले गाव गोड होते, कारण काही माणसे त्या चित्रात घेतलीच नव्हती.

हे लिहिताना बोट माझ्याकडेच वळते. आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी मी सध्या घरोघरी जाऊन आठवणी गोळा करतो आहे. बहुतेक जण म्हणतात, "तेव्हाचं चर्च म्हणजे एक कुटुंब होतं." मीही लेखाची सुरुवात तशीच करून टाकली होती. मग एका मावशींकडे गेलो. त्यांनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "मास्तर, कुटुंब होतं, खरं आहे. पण आम्ही त्या कुटुंबात दाराजवळ चटईवर बसायचो. पुढची बाकं आमची नव्हती." आवाजात राग नव्हता. मला मात्र तो चहा गिळवेना.

समितीत काही जण म्हणतात, आनंदाच्या प्रसंगी जुने कशाला उकरायचे? त्यांचा हेतू वाईट नाही. पण अरण्यातले इस्राएल लोक आठवा. त्यांना मिसरातले मासे, काकड्या, कांदे आणि लसूण आठवले. विटा थापायची गुलामगिरी मात्र विसरली. अशा आठवणीने माणूस पुढे जात नाही, मागे वळतो.

मेबेरीच्याच एका भागात ओपीच्या गलोलीने एक पक्षीण मरते. बाप त्याला मारत नाही. तो मुलाच्या खोलीची खिडकी उघडतो आणि आईला हाका मारणाऱ्या पिल्लांचा आवाज त्याला ऐकायला लावतो. त्यानंतर ओपी ती तीन पिल्ले स्वतः वाढवतो, आणि मोठी झाल्यावर पिंजऱ्यातून सोडून देतो. पश्चात्तापसंस्कार शिकवताना यापुढे मी हीच गोष्ट सांगणार आहे. आधी ऐकायचे, मग भरपाई करायची, मग मोकळे व्हायचे.

मिस्सामध्ये आपण प्रभूचे स्मरण करतो, ते त्याच्या जखमांसह. पुनरुत्थानानंतरही त्याने हातांवरचे व्रण झाकले नाहीत, उलट थोमाला दाखवले. मग आपल्या पन्नास वर्षांच्या गोष्टीतली चटई आपण का झाकावी?

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. मावशींची आठवण स्मरणिकेत छापावी, त्यांच्याच शब्दांत आणि त्यांची परवानगी घेऊन. बँडबाजा, फेस्ताचे जेवण, जुन्या फादरांचे किस्से, सारे छापावे आणि त्यांच्या शेजारी हेही. महोत्सवाच्या मिस्साला अर्पणे वेदीपाशी नेण्याचा मान मावशींना द्यावा आणि त्या दिवशी त्यांना पहिल्या बाकावर बसवावे. पन्नास वर्षे उशीर झाला आहे, आणखी नको.

हे प्रभो, आमच्या घराची खिडकी तू उघड, आणि जो आवाज आम्ही ऐकला नाही तो आम्हाला ऐकव. आमेन.