मार्था अजून स्वयंपाकघरातच

आमच्या मंडळीत कुणी गेलं की तासाभरात घरासमोर खुर्च्या लागतात. दुपारपर्यंत एकीकडून वरणभाताचा गंज येतो, रात्री दुसरीकडून भाजी-पोळ्या. तीन दिवस त्या घरात चूल पेटू देत नाहीत. दवाखान्यात पाळीपाळीनं माणसं बसतात. गावाहून परीक्षेला आलेलं पोर कुणाच्या तरी घरी महिनाभर राहून जातं. नागपुरातल्या अशाच एका मंडळीत मी वाढले. वडील अंथरुणाला खिळले होते तेव्हा दीड महिना आमच्याकडे दुसऱ्यांच्या हातचं अन्न आलं. तेव्हा हे बाहेरून बघून नाक मुरडणाऱ्या बाईचं लिखाण नाही, एवढं आधीच नोंदवते.

पण मैत्रिणींनो, तो गंज चुलीवर कुणी चढवला?

नाताळच्या प्रीतिभोजनाचं उदाहरण घ्या. तांदूळ किती किलो घ्यायचा, मंडप कुणाचा, यावर कमिटीच्या दोन बैठका होतात. त्यात बोलणारे पुरुष. भोजनाच्या दिवशी पहाटे पाचपासून कांदे चिरणाऱ्या, पुऱ्या लाटणाऱ्या बाया. त्यांनी सणाची उपासना ऐकायची ती हॉलमागच्या स्वयंपाकघरात, लाउडस्पीकरवरून. शेवटी आभार मानतात. देणगीदारांची नावं, मंडपवाल्याचं नाव, आणि मग, ‘आपल्या भगिनींनीही परिश्रम घेतले.’ भगिनींना नावं नसतात. पाहुणचार मंडळीचा, पुण्य मंडळीचं, हात मात्र बायांचे.

आम्हाला लहानपणापासून मार्था आणि मरियेची गोष्ट सांगतात. येशू घरी आला, मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसली, मार्था कामात गुंतली आणि तिनं तक्रार केली. प्रवचनात दर वेळी मार्थेलाच दोन शब्द ऐकवले जातात. बाई, किती ती कामाची काळजी! प्रवचन संपतं आणि ज्या बायांना ते ऐकवलं त्याच उठून चहाला आधण ठेवतात. मार्थेनं मदत मागितली होती, हे कुणी सांगत नाही. आणि त्या घरात आणखी कुणी पुरुष हजर असतील तर त्यांना कुणी का नाही म्हटलं की बाबांनो, दोन ताटं तुम्ही घ्या? अब्राहामाच्या पाहुणचाराचं तसंच. तीन पाहुणे आले, तो धावत तंबूत गेला आणि सारेला म्हणाला, लवकर पीठ मळ. आदर्श यजमान म्हणून नाव त्याचं झालं. सारा तंबूच्या आत.

याच्या उलटही पुस्तकात आहे, पण ते वाचून दाखवायची हौस कमी. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात तक्रार येते की रोजच्या वाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होतं आहे. मंडळीचा पहिला अंतर्गत तंटा हा असा अन्नाचा आणि निराधार बायांचा. त्यावर काय केलं? ती कुरकुर आहे म्हणून गप्प बसवलं नाही. सात जण निवडले, त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि वाटपाची जबाबदारी त्यांना दिली. सातही पुरुष. म्हणजे पंगतीची सेवा हे जेव्हा मानाचं पद होतं तेव्हा ते पुरुषांचं, आणि त्यातलं पद गळून नुसतं काम उरलं तेव्हा ते आमचं.

इथवरचं सगळं थोडं हसत, थोडं चिडत सांगता येतं. पुढचं तसं नाही.

काही वर्षांपूर्वी मंडळीतली एक बाई रात्री अकराला पाळकांच्या दारात आली. अंगावर नेसती साडी, कडेवर पोर, एका डोळ्यावर सूज. दार उघडलं गेलं, हे खरं. पाळकबाईंनी तिला जेवू घातलं, स्वतःची साडी दिली, पोराला कुशीत घेऊन झोपल्या. दोन दिवस ती तिथे राहिली. तिसऱ्या दिवशी समेटाची बैठक ठरली. नवरा आला, त्याचा भाऊ आला, कमिटीचे दोघे ज्येष्ठ आले. त्यांना पोहे आणि चहा झाला. पोहे मी केले होते. समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी घेऊन मला तेव्हा तीन वर्षं झाली होती, आणि मी पोह्यांवर सांबार पेरत उभी होते. बाहेर नवऱ्यानं डोळे पुसले, सगळ्यांनी माना खाली घालून प्रार्थना केली आणि ती त्याच्या स्कूटरवर बसून परत गेली. जाताना ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, “ताई, तुम्ही तर काहीच बोलल्या नाहीत.”

सहा महिन्यांनी ती मला सरकारी दवाखान्यात भेटली. हात प्लॅस्टरमध्ये होता.

शास्त्यांच्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय मी त्यानंतर पुन्हा वाचला. रविवारी तो कधी वाचला जात असेल तर मी तरी ऐकलेला नाही. एका लेव्याची उपपत्नी त्याला सोडून बेथलेहेमला बापाच्या घरी येते. चार महिन्यांनी तो तिला न्यायला येतो. बापाला आनंद होतो. तो जावयाला ठेवून घेतो, खाऊ-पिऊ घालतो, आज राहा, उद्या जा, असं करत पाचवा दिवस उजाडतो. एवढ्या पाहुणचारात ती मुलगी एक शब्द बोलल्याची नोंद नाही. मग बाप तिला त्याच्यासोबत पाठवतो. वाटेत गिबा गावी एक म्हातारा त्यांना आसरा देतो. रात्री गावगुंड दाराशी येतात आणि त्या पुरुष पाहुण्याला बाहेर काढा म्हणतात, तेव्हा यजमान पाहुण्याची अब्रू राखण्यासाठी स्वतःची मुलगी आणि ही बाई देऊ करतो. तिला बाहेर ढकललं जातं. रात्रभर अत्याचार. सकाळी ती दारात पडलेली, हात उंबरठ्यावर.

दोन घरं, दोन्हीकडे पाहुणचार उत्तम. तो एका पुरुषानं दुसऱ्या पुरुषाला केलेला. आमची समेटाची बैठकही तीच होती. माणूस म्हणून आसरा मागायला आलेली ती होती, पण पाहुणा ठरला नवरा, कारण घर त्याच्या नावावर, मंडळीच्या रजिस्टरात कुटुंबप्रमुख तो, वर्गणी त्याची. परक्याला दार उघडणं सोपं आहे, कारण त्याच्यामागून कुणी हक्क सांगत येत नाही. आपल्याच सभासदाच्या बायकोला दार उघडायचं म्हणजे सभासदाशी वैर घ्यायचं, आणि ते कुणालाच नको असतं.

कायद्यानंही फार काळ हेच केलं. 1869 चा भारतीय घटस्फोट कायदा ख्रिस्ती नवऱ्याला केवळ व्यभिचाराच्या कारणावर सुटका देत होता. बायकोला मात्र व्यभिचार पुरेसा नव्हता, त्याला क्रूरता किंवा परित्यागाची जोड सिद्ध करावी लागे. नुसती मारहाण असेल तर घटस्फोट नाही. 1997 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं हा भेद घटनाबाह्य ठरवला. संसदेनं दुरुस्ती केली 2001 मध्ये, म्हणजे 132 वर्षांनी. 2006 पासून कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा अमलात आहे आणि राहत्या घरातून बाईला हाकलता येत नाही. आमच्या किती मंडळ्यांच्या नोटीसबोर्डावर संरक्षण अधिकाऱ्याचा फोन नंबर आहे? नाताळच्या गायनस्पर्धेची तारीख तर असते.

कुणी म्हणेल, मंडळीनं यात पडावं तरी किती? उत्तर आपल्याच घरात आहे. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई या आपल्या मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी, निराधार मुली-बायांना घेऊन गेल्या. केडगावचं मुक्तिसदन त्यातून उभं राहिलं. त्यांनी तिथे चार दिवसांचा पाहुणचार केला नाही. राहायला खोल्या, शेती, शिक्षण, पुढे छापखाना, आणि तो बाया चालवत. परत पाठवण्याची घाई नव्हती. (रमाबाईंच्या धर्मप्रचाराबद्दल आपल्यात मतभेद आहेत, तो वाद वेगळा.) याच नागपुरात सीताबर्डीचं म्युर मेमोरियल हॉस्पिटल स्कॉटिश मिशनच्या काळात स्त्रियांच्या उपचारांसाठी उभं राहिलं. 29 नोव्हेंबर 1970 ला याच शहरात सहा चर्च एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झालं. त्याची बोलणी 1929 पासून चालली होती. चाळीस वर्षं चिकाटीनं चर्चा करता येते तर एका खोलीचा प्रश्न सुटू नये?

मला दुसरंही ऐकवलं जातं. आपण मूठभर, त्यात दिवस वाईट. आपली धुणी बाहेर धुतलीस तर टपून बसलेल्यांच्या हाती कोलीत मिळेल. ही भीती खोटी नाही. प्रार्थनासभांवर हल्ले होतात, हे मलाही दिसतं. पण या भीतीचं ओझं दर वेळी मार खाणारीनंच का वाहायचं? समाजाची अब्रू जपायची तर आधी मारणाऱ्याला सांगा.

आणि थोडं आपल्या संघटनांबद्दल. ख्रिस्ती बाई केंद्रात आली की आपण म्हणतो, ‘त्यांच्या संस्था असतात, मिशनवाले बघतील.’ आपणही तिला धर्माच्या खात्यात टाकून मोकळ्या होतो. शिवाय आपल्या शिबिरांत चहाची किटली कोण फिरवतं, तेही एकदा पाहून घ्या. बहुतेक वेळा वस्तीतून आलेलीच मैत्रीण असते.

ती बाई आज भाड्याच्या एका खोलीत राहते, डबे करून देते. केस चालू आहे. मंडळीत येत नाही. ती आजारी पडली तेव्हा तिच्याकडे गंज गेला नाही. मी आणि पाळकबाई दोघीच गेलो.

या वर्षी आम्ही सव्वीस जणींनी सह्या करून कमिटीला अर्ज दिला आहे. हॉलमागे एक खोली आहे. तीत मोडकी बाकं आणि नाताळचा कागदी तारा ठेवतात. ती रिकामी करून द्या, आत कडी बसवा, एक पलंग टाका. रात्री-अपरात्री आलेली बाई तिथे हवं तितकं राहील, आणि तिच्या परवानगीशिवाय समेटाची बैठक होणार नाही. शिवाय पुढच्या प्रीतिभोजनात भांडी पुरुषांनी घासावीत. या शेवटच्या मागणीवर बैठकीत हशा पिकला, असं कळलं. खोलीबद्दल ‘विचार करू’ असं उत्तर आहे. किल्ली सध्या सेक्रेटरींकडे आहे. येत्या रविवारी उपासनेनंतर आम्ही ती मागायला जाणार आहोत, आणि त्या दिवशी चहा करायला आमच्यातली कुणीही स्वयंपाकघरात जाणार नाही.