५० केबीसाठी सातासमुद्रापार

परवा मामेबहिणीचा फोन आला. मुलाचा परीक्षेचा फॉर्म भरत होती. फोटो ५० केबीच्या आत, सही २० केबीच्या आत, आधार कार्डाची प्रतही अशीच मापात बसवलेली. "दादा, झालं सगळं. एक साइट सापडली, फाइल टाकली की लहान करून देते. फुकट!" कोणती साइट म्हणून विचारलं तर नाव आठवेना. म्हणजे चिरंजीवांचा फोटो, सही आणि आधार एका गाठोड्यात बांधून बाईसाहेब कुणा अनोळखी माणसाच्या ओसरीवर ठेवून आल्या होत्या.

तिच्यावर काय चिडणार? मी चिडलोय ते आम्हा संगणकवाल्यांवर. कारण या कामासाठी फाइल घराबाहेर जायची गरजच नाही.

आता जरा तांत्रिक, पण नातेवाईक मंडळींनी पळून जाऊ नये. लॉकडाउनमध्ये गूगल मीटवर मागचा पसारा धूसर करून बसायचो, आठवतंय? २०२० साली आलेली सोय ती. ब्राउझरमधून मीट चालवलं तर ते धूसर करण्याचं काम तुमच्याच संगणकावर चालायचं, आणि त्यामागे होती वेबअसेंब्ली. सी, सी प्लस प्लस किंवा रस्टमध्ये लिहिलेला प्रोग्राम आधीच कंपाइल करून, म्हणजे यंत्राला पटकन पचेल अशा बायनरी रूपात, वेबपानाबरोबर पाठवायचा आणि ब्राउझरने तो चालवायचा. २०१७ च्या अखेरीस क्रोम, फायरफॉक्स, सफारी आणि एज या चारही ब्राउझरांत ती आली.

हिचं नाव काढलं की आमच्यातले जुने खोंड फुरफुरतात. "ब्राउझरमध्ये बायनरी? पुन्हा ॲक्टिव्हएक्स?" ॲक्टिव्हएक्सची धास्ती मलाही आहे. एकदा 'हो' म्हटलं की ते हार्ड डिस्कसकट सगळीकडे हिंडायला मोकळं. वेबअसेंब्लीला तसं मोकाट सोडलेलं नाही. तिला स्वतःपुरती मेमरी मिळते. फाइल, नेटवर्क, पडदा, काहीही हवं असेल तर पानातल्या जावास्क्रिप्टकडे हात पसरावा लागतो. दुसरी तक्रार, बायनरी वाचता येत नाही. बरं, तुमच्या बँकेच्या साइटची पिळून काढलेली जावास्क्रिप्ट शेवटची कधी वाचलीत हो?

तिसरा आक्षेप मात्र खरा होता. २०१९ साली जर्मन संशोधकांनी १० लाख लोकप्रिय साइट तपासल्या. दर ६०० साइटींमागे एकीवर वेबअसेंब्ली सापडली, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त ठिकाणी गैरकामाला जुंपलेली. मुख्य उद्योग म्हणजे आलेल्या पाहुण्याच्या संगणकावर गुपचूप आभासी नाणी खणणं. लाज वाटावी असाच आकडा. २०२१ मध्ये श्टुटगार्टच्या संशोधकांनी ८,००० हून जास्त बायनरी गोळा करून पाहिल्या, तेव्हा हे खाणकाम १ टक्क्याच्या खाली आलं होतं. पण जवळजवळ दोन तृतीयांश बायनरी सी आणि सी प्लस प्लससारख्या, मेमरीच्या चुका सहज होऊ देणाऱ्या भाषांतल्या निघाल्या. तेव्हा बंदिस्त आहे म्हणजे निर्धोक आहे, असं मी म्हणणार नाही.

मग माझं भांडण कशाशी? तिच्या कौतुकाशी. आमच्याकडे वेबअसेंब्लीचं कौतुक एकाच सुरात चालतं : वेग, वेग, वेग. २०१७ मध्ये फिग्माने ती घेतली आणि उघडायला लागणारा वेळ एक तृतीयांशावर आला. २०१८ मध्ये ऑटोकॅड, २०२१ मध्ये फोटोशॉप ब्राउझरात आलं. सी प्लस प्लसचा दशकांचा संसार उचलून नव्या घरात मांडला, मोठं काम आहे, नाकारत नाही. पण चित्र शेवटी जाऊन बसतं त्यांच्याच सर्व्हरवर. जातं तुमचं, दळायचं तुम्ही आणि पिठाचा डबा त्यांच्या फडताळात!

याच तंत्राच्या दुसऱ्या गुणाबद्दल कुणी ब्रही काढत नाही. काम तुमच्याकडे आलं की फाइलला त्यांच्याकडे जायचं कारणच उरत नाही. २०१८ मध्ये गूगलच्या क्रोमवाल्यांनीच स्क्वूश नावाचं पान करून दाखवलं. मोझिलाचं मोझजेपेग, ज्याचं मूळ १९९१ सालच्या सी भाषेतल्या कोडपर्यंत जातं, ते कंपाइल करून त्यात बसवलंय. फोटो टाका, पट्टी सरकवा, केबी खाली येताना दिसतात. फोटो जागचा हलत नाही. (नुसता फोटो लहान करायला जावास्क्रिप्टही पुरायची म्हणा. म्हणजे सबब आणखीच लंगडी.)

मग या अनोळखी ओसऱ्या अजून भरलेल्या का? सर्व्हरवरचा जुना कोड चालतोय, त्याला हात कोण लावणार. मोठी बायनरी आधी डाउनलोड करावी लागते, स्वस्त फोन धापा टाकतो, हेही खरं. १०० पानी पीडीएफ असेल तर मी ऐकून घेईन. पण दोन बोटं रुंदीची सही? ती लहान करायला सर्व्हर लागतो असं सांगणाऱ्याला एक तर काम येत नाही, नाहीतर त्याला सहीच हवी आहे. आणि मुळात ५० केबीची अट घालणाऱ्यांनी हे लहान करायचं यंत्र आपल्याच फॉर्मच्या पानात का बसवू नये? फोटो शेवटी त्यांच्याकडेच जायचाय. मधला दलाल कशाला?

मी बहिणीला एक युक्ती सांगितली. पान उघडायचं, मग फोन विमान मोडवर टाकायचा, मग फाइल द्यायची. लहान होऊन मिळाली तर काम तुझ्याच फोनवर झालं. ती सेव्ह कर, टॅब बंद कर, मगच नेट चालू कर. (कुणी पक्का बेरड असेल तर यातूनही पळवाट काढेल, पण आळशी तरी पकडले जातात.) स्क्वूशवर लगेच जमलं तिला. मग हिस्टरीतून ती आधीची साइट शोधली. तिथे नुसतंच चक्र फिरत राहिलं.

"दादा, मग त्या आधीच्या तीन फाइलींचं काय?"

मी म्हटलं, फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे ते सांग.