वह्या पुरे, आता शिक्षिकेच्या पगाराचे बोला

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटाकडे उघडतात आणि त्याच सुमारास अमरावती-अकोल्यात वह्यावाटपाचा हंगाम सुरू होतो. वाढदिवस असलेला पुढारी, बँकेतली कर्मचारी संघटना, महिला मंडळ, पतसंस्था, सगळे दप्तरे आणि कंपासपेट्या घेऊन शाळांच्या दारात उभे राहतात. दिव्यांग मुलांच्या संस्थांच्या वाट्याला ३ डिसेंबरच्या आसपास, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनी, फळे, ब्लँकेटे आणि जमलेच तर एखादा वॉटर कूलर येतो. देणाऱ्यांच्या हेतूवर शंका घ्यायचे कारण नाही. वऱ्हाडाला द्यायची सवय जुनी आहे. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत गरीब मुलामुलींच्या शिक्षणाला मदत आणि अंध-पंगू-रोग्यांना औषधोपचार ही दोन्ही कलमे आहेत. प्रश्न आहे तो आपण दान कशाचे देतो, हा. आपले दान बहुतेक वस्तूंचे असते, आणि स्वमग्न मुलाच्या शिक्षणात वस्तूंना फार थोडे काम असते. तिथे लागतो माणूस: शिकलेला, रोज येणारा आणि पुढच्या वर्षीही तोच राहणारा. म्हणून या दोन जिल्ह्यांत स्वमग्न मुलांसाठी धडपडणाऱ्या लहान संस्थांना खरी मदत करायची असेल, तर ती शिक्षिकेच्या पगाराच्या रूपाने करावी, असे माझे म्हणणे आहे.

आधी ही मुले किती, ते पाहू. नेमका आकडा सरकारकडेही नाही, कारण २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे जे प्रकार विचारले गेले त्यात स्वमग्नतेचा रकानाच नव्हता. लिओ कॅनर यांनी १९४३ साली या अवस्थेचे पहिले व्यवस्थित वर्णन केले, आपल्याकडे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला नाव देऊन मान्यता दिली, तरी प्रगणकाच्या कागदावर ती आली नाही. देशातल्या पाच ठिकाणच्या दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. त्या पाचांत आपल्या शेजारचा उत्तर गोवाही होता. तिच्यानुसार स्वमग्नतेचे प्रमाण सहा वर्षांखालच्या मुलांत शंभरात एक आणि त्यावरच्या मुलांत थोडे अधिक निघाले. अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या त्या जनगणनेत जवळपास २९ लाख होती, अकोल्याची १८ लाखांवर. या ४७ लाखांत या वयाची मुले १० ते १२ टक्के धरली तर ती पाच लाखांच्या आसपास जातात आणि त्यांतली स्वमग्न मुले पाच हजारांच्या घरात. हा अंदाज आहे, तो निम्म्याने चुकला असे धरले तरी उरणारी संख्या दोन्ही शहरांतल्या मूठभर थेरपी केंद्रांच्या आणि विशेष शाळांच्या आवाक्याबाहेरची आहे.

या मुलांना औषधाने बरे करता येत नाही, कारण हा रोग नव्हेच. नजर कुठे ठेवायची, हवे ते कसे मागायचे, शाळेच्या घंटेचा आवाज सहन होत नसेल तर काय करायचे, हे एकेका मुलाच्या कलाने, पुन्हा पुन्हा शिकवावे लागते. मग त्यासाठी मुंबई-पुण्याचे तज्ज्ञच हवेत का? या प्रश्नाचे चांगले उत्तर गोव्यातून आले आहे. १९९६ पासून काम करणारी ‘संगाथ’ ही गोव्यातली संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीतले संशोधक यांनी मिळून एक प्रयोग केला. मूल काय सुचवते ते ओळखून त्याला साद कशी द्यायची, हे आईवडिलांना शिकवायचे. आणि शिकवणारे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नसून त्या कामापुरते तयार केलेले स्थानिक कार्यकर्ते. ६५ मुलांवरच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त आले. आईवडिलांचा प्रतिसाद सुधारला आणि मुले आपणहून संवाद सुरू करू लागली. सगळेच साधले असे नाही. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याच्या वेळेत तर घट दिसली, आणि ती अभ्यासकांनी लपवली नाही. पण आपल्यासारख्या गावांसाठी महत्त्वाचे ते एवढे, की देखरेख नीट असेल तर हे काम स्थानिक माणूस करू शकतो. मूर्तिजापूर किंवा दर्यापूरच्या एखाद्या मुलीला वर्षभर तयार करता येते. तिला टिकवायचे तर पगार द्यावा लागतो.

सरकारने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांची तपासणी करतो आणि त्याच्या यादीत स्वमग्नताही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या ऑक्टोबरात प्राथमिक शाळेत विशेष गरजांच्या दहा मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण घालून दिले आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना ही पदे अधिसूचित करायला सांगितले. राज्याने २०२४ मध्ये ४,८६० विशेष शिक्षकांची पदे मंजूर केली. त्यामागचा हिशेब मात्र शाळांच्या एका केंद्रामागे एक शिक्षक असा आहे. एका केंद्रात अनेक शाळा. म्हणजे कागद पुरता खरा उतरला तरी एका स्वमग्न मुलाच्या वाट्याला तो शिक्षक आठवड्यातून किती तास येईल, याचे गणित चौथीतला विद्यार्थी मांडू शकेल. शिवाय अंध, कर्णबधिर, बौद्धिक अक्षम, स्वमग्न या सगळ्यांना पुरा पडणारा एकच शिक्षक, हीदेखील आपल्या व्यवस्थेची लाडकी कल्पना आहे.

या फटीत आज लहान संस्था उभ्या आहेत. एखाद्या पालकाने भाड्याच्या दोन खोल्यांत सुरू केलेले केंद्र, एखाद्या जुन्या मंडळाने चालवलेला वर्ग. त्यांचे काम शिकवण्यापुरते राहत नाही. मूल बोलत नाही म्हटल्यावर घरात पहिले वाक्य ऐकू येते ते ‘त्याचा बापही उशिराच बोलला होता’ हे, आणि त्यात दोन-तीन मोलाची वर्षे जातात. मग दोष आईवर येतो. तिने मोबाइल दिला, तिचे लक्ष नव्हते. आईच्या थंडपणामुळे मूल असे होते हा सिद्धांत जगाने केव्हाच टाकून दिला, पण आमच्या बैठकीच्या खोल्यांत तो सुखाने नांदतो. त्यानंतर कोणीतरी स्टेम सेलच्या महागड्या इंजेक्शनाचा पत्ता देते आणि कास्तकार वावर गहाण टाकायला निघतो. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्येच स्वमग्नतेवर स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही असे स्पष्ट केले, हे त्याला सांगणार कोण? स्वमग्नतेच्या मोजणीसाठी चाळीस प्रश्नांची भारतीय मापनश्रेणी असते, तिच्यावरून दिव्यांग प्रमाणपत्र मिळते, मग यूडीआयडी हे दिव्यांगांचे ओळखपत्र, आणि राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा, ज्यात थेरपीचा खर्चही धरला जातो. ही साखळी मेळघाटातल्या धारणीच्या बापाला कोणी समजावून दिली नाही, तर दीडशेच्या घरातले किलोमीटर तुडवत त्याने अमरावतीला खेपा घालाव्यात आणि दर खेपेला रोजी बुडवावी. कायद्यालाही या संस्थांची जाणीव आहे. अठरा वर्षांनंतर अशा मुलाचा पालक कोण हे ठरवणाऱ्या स्थानिक समितीत जिल्हाधिकारी, एक दिव्यांग व्यक्ती आणि नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी असावा, असे १९९९ चा कायदा सांगतो. जिल्ह्यात चालती-बोलती संस्थाच नसेल तर ती खुर्ची रिकामी राहणार.

‘हे सरकारचे काम आहे, आपण खिशातून का द्यायचे?’ हा पहिला आक्षेप, आणि तो अर्धा बरोबर आहे. म्हणूनच सरकारच्या खिशातले जे पैसे आधीच याच कामासाठी राखलेले आहेत, त्यांच्याकडे बोट दाखवले पाहिजे. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, या सगळ्यांनी स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. बऱ्याच ठिकाणी हा निधी वर्षअखेरीस आठवतो आणि धनादेश किंवा साहित्य वाटून संपवला जातो. वाटपाचा फोटो निघतो. शिक्षिकेच्या पगाराचा निघत नाही, ही तिची अडचण. महाराष्ट्राने २०२२ साली स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापला. त्या विभागाने या ५ टक्क्यांतला काही भाग नोंदणीकृत संस्थांतल्या पात्र विशेष शिक्षकांच्या मानधनासाठी, तीन वर्षांच्या कराराने, खर्च करण्याची स्पष्ट सूचना दिली तर नवा कर न लावता बरेच काही होईल. पण तोवर पाच वर्षांच्या मुलाला थांब म्हणता येत नाही, आणि आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग इथे गळून पडतो.

दुसरा आक्षेप विश्वासाचा आहे आणि तो जास्त खोल आहे. पगाराला दिलेला पैसा जातो कुठे, संस्थाचालकाच्या भाच्यालाच नेमले तर? शंका रास्त आहे. शिक्षणसंस्थांच्या नावाने वऱ्हाडाने काय काय पाहिले आहे ते सांगायला नको. पण वह्यांच्या बिलात घोळ होत नाही असेही नाही. तपासायचे ठरवले तर पगार तपासणे उलट सोपे. सार्वजनिक न्यासाला दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. विशेष शिक्षकाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि तिला क्रमांक असतो. देणाऱ्याने तीनच गोष्टी विचाराव्यात: मुले किती, नोंदणी असलेले शिक्षक किती, आणि तीन वर्षांपूर्वी जे होते त्यांतले आज किती आहेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर संस्थेची खरी प्रकृती सांगते. इमारत बांधकामाचे आवाहन करणाऱ्या संस्थेकडे या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पाकीट खिशातच ठेवावे.

हिशेब फार मोठा नाही. एका शिक्षिकेला महिन्याला २५ हजार द्यायचे ठरवले आणि तिच्याकडे दहा मुले असली, तर मुलामागे महिना अडीच हजार पडतात. अडीचशे घरांनी दरमहा शंभर रुपये दिले की एक शिक्षिका उभी राहते. कंपन्यांच्या सामाजिक निधीवर डोळा ठेवून वऱ्हाडाचे भागणार नाही. ५०० कोटींचे नक्त मूल्य, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा नफा, यांतली एक तरी अट पुरी करणाऱ्या कंपनीलाच तो कायदा लागतो आणि खर्चात कंपनीच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो. मोठ्या कंपन्या मुंबई-पुण्याकडे, म्हणून पैसाही तिकडे. अकोल्याची डाळ मिल किंवा अमरावतीचा कापड व्यापारी बहुधा त्या कायद्यात बसत नाही, पण एका शिक्षिकेचा वर्षाचा तीन लाखांचा पगार त्याला जड नाही. दहीहंडीच्या बक्षिसांचे फलक पाहिले की या शहरांत पैसा नाही असे कोणी म्हणू नये.

कोणी म्हणेल, मेळघाटात कुपोषण आहे, अमरावती विभागात शेतकरी आत्महत्या करताहेत, तिथे हे स्वमग्नतेचे शहरी दुखणे कशाला? पण ते शहरी नाही. शहरात त्याचे निदान होते, एवढाच फरक. ज्या कास्तकाराच्या घरी असे मूल आहे त्याच्या बायकोचे शेतातले हात थांबतात, उत्पन्न घटते, मोठ्या बहिणीची शाळा सुटते कारण भावाकडे कोणीतरी बघायला हवे. दुष्काळ आणि अपंगत्व घरे वाटून घेत नाहीत.

राहतो प्रश्न काळाचा, आणि त्याचे उत्तर परतवाड्याजवळच्या वझ्झरला आहे. अंबादासपंत वैद्यांचे नाव असलेल्या तिथल्या बालगृहात शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुले सांभाळली. त्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. अठरा पूर्ण झाली म्हणून अशा मुलांना बालगृहाबाहेर काढू नये, यासाठी कायदा करावा, ही त्यांची मागणी कितीतरी वर्षांची आहे. पद्मश्री देणाऱ्या सरकारने ती अजून पुरी केलेली नाही. अशा मुलांना सोबत अठराच्या पुढेही लागते, आणि तेवढ्या लांबच्या सोबतीला एक वेळचे दान पुरत नाही. म्हणून येत्या जूनमध्ये वह्यांचे पैसे जमवणाऱ्या प्रत्येक मंडळाने आपल्या गावातली एक लहान संस्था निवडावी, वर सांगितलेले तीन प्रश्न तिला विचारावेत, आणि उत्तरे पटली तर तिच्या एका शिक्षिकेचा तीन वर्षांचा पगार लेखी कबूल करावा.