उणकल ते पुणे: विमानाचा तास आणि घरचा हिशेब

दिवाळी जवळ आली की आपल्या मंडळात हमखास विचारणा होते: पुण्याला थेट विमान आहे का? विमानांची वेळापत्रके मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. त्यामुळे मागच्या खेपेचे उत्तर या खेपेला लागू पडेलच असे नाही. थेट विमान असल्या-नसल्याने नेमका किती फरक पडतो, हे आम्ही मांडून पाहिले.

नकाशावर आपण जवळजवळ मध्यावर आहोत. गोकुळ रोडवरील विमानतळापासून पुण्याचे लोहगाव हवाई अंतराने सुमारे ३७७ किलोमीटर, तर बेंगळुरूचा विमानतळ सुमारे ३७०. दोन्हीकडे एटीआर विमानाला तास-सव्वा तास पुरतो. पण थेट विमान नसले की आधी उलट दिशेला बेंगळुरू गाठायचे आणि तिथून ७२० किलोमीटर पुणे. ३७७ चे १,०९० होतात, जवळपास तिप्पट.

आता घरापासून घरापर्यंतचा वेळ पाहू. उणकलहून विमानतळ वीस मिनिटे, तिथे दीड तास आधी हजेरी, सव्वा तास प्रवास, सामानाला अर्धा तास आणि लोहगावहून कोथरूडला तासभर. एकूण साडेचार तास. बेंगळुरूमार्गे यात दुसरे विमान आणि मधले दोन-अडीच तास थांबणे मिळवले की साडेआठ तास सहज होतात. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली हुबळी-पुणे वंदे भारत तेवढ्याच वेळात पुण्याला पोचते. म्हणजे वळसा घालणारे विमान हे महागडी रेल्वेच झाले. शिवाय वंदे भारत सुरू झाली ती आठवड्यातून तीनच दिवस. रात्रीची बस मात्र रोज आहे, आणि तिच्यात दिवस मोडत नाही.

लग्न-मुंजीला हे चालून जाते. तारीख आधी ठाऊक असते. पुण्याहून आई-वडिलांच्या आजारपणाचा फोन आला, की मात्र साडेचार आणि साडेआठ तासांतला फरक जिवाला लागतो. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना रात्रभर बसमध्ये बसवणेही सोपे नाही.

छोट्या शहरांतल्या विमानसेवेचे गणित साधे आहे. 'उडान' योजनेतील मार्गांनाही सरकारी मदत साधारण तीन वर्षेच मिळते. पुढे तिकीट विक्रीवरच तगायचे. एटीआरमध्ये सत्तर-ऐंशी जागा असतात. सणाला त्या भरतात. प्रश्न उरतो आडवारांचा.

म्हणून नुसती तक्रार करून भागणार नाही. आपली कुटुंबे वर्षातून किती वेळा, कोणत्या वारी पुण्याला जातात, याची नोंद मंडळाने करावी असे आम्हाला वाटते. धारवाडचे खासदार प्रल्हाद जोशी केंद्रात मंत्री आहेत आणि पुण्याचे मुरलीधर मोहोळ नागरी विमान वाहतूक खात्याचे राज्यमंत्री. दोन्ही टोकांना दारे आहेत. ठोठावताना हातात आकडे हवेत.