बोका कुंथत होता आणि सगळे म्हणत होते, 'पोट साफ नाही'

मंडळी, पोस्ट मोठी आहे आणि मांजरावर आहे. 'गावात पाणी आठ दिवसांआड येतंय आणि पत्रकार मांजरावर लिहितोय' अशी कमेंट कोण टाकणार तेही मला माहीत आहे. टाका. पण आधी वाचा.

आमच्या घरी बंड्या नावाचा बोका आहे. वय पाच वर्षं. रविवारी संध्याकाळी तो वाळूच्या घमेल्यात जाऊन बसला, कुंथला, उठला, पुन्हा बसला. तासाभरात सात-आठ वेळा. आई म्हणाली, शी अडकलीय, एरंडेल पाजा. शेजारच्या काकू म्हणाल्या, उंदीर बाधला असेल. मी म्हणालो, सकाळी बघू. आईने दृष्टही काढली. त्या रात्री झालेल्या उपचारांपैकी अपाय न करणारा तेवढा एकच.

सोमवारी सकाळी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठला. डॉक्टर लसीकरणाला दुसऱ्या गावी. त्यांच्याकडे आणखी एका दवाखान्याचा अतिरिक्त कार्यभार. परिचराने लांबूनच विचारलं, काय होतंय? मी म्हणालो, कुंथतोय. त्याने एक इंजेक्शन टोचलं. कशाचं, ते विचारायचं मलाही सुचलं नाही. येताना औषधाच्या दुकानात थांबलो तर तिथला पोरगा म्हणाला, 'दादा, अंग गरम वाटतंय, लहान मुलांचं पॅरासिटामॉल द्या की दोन थेंब.' घेतलं! बाटली खिशात घालून घरी आलो.

माझी लेक अकरावीत आहे. तिने बाटली हातातून काढून घेतली आणि मोबाइल पुढे धरला. पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. माणसाचं यकृत ते औषध ज्या वाटेने निकामी करतं, ती वाट मांजराकडे जवळजवळ नाहीच. रक्त प्राणवायू वाहीनासं होतं, हिरड्या काळपट-निळ्या पडतात, तोंड सुजतं. अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. तालुक्यात किती घरांत ही 'अर्धी गोळी' दिली जाते, आठवून बघा.

दुपारी बंड्याला उलटी झाली आणि तो आडवा पडला. मग ओळखीतल्या एकाकडून जिल्ह्याच्या गावच्या एका खासगी डॉक्टरांचा नंबर मिळाला. त्यांनी फोनवर एकच विचारलं, 'लघवी शेवटची कधी झाली?' घरात कोणालाच सांगता येईना. 'घमेल्यात ओला गोळा आहे का बघा.' वाळू कोरडी ठणठणीत. ते म्हणाले, 'पोट दाबू नका, आत्ताच्या आत्ता निघा.'

शी अडकलीच नव्हती, लघवी तुंबली होती. बोक्याची मूत्रनळी फार अरुंद, त्यात बारीक खडे किंवा चिकट बुळा अडकला की मूत्राशय फुग्यासारखं ताणतं. मूत्रपिंडं थांबतात, रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदयाचे ठोके चुकायला लागतात. एक-दोन दिवसांत खेळ संपतो. लांबून पाहणाऱ्याला मात्र ते हुबेहूब बद्धकोष्ठासारखं दिसतं. पोटाला हात लावला असता तर लिंबाएवढा कडक गोळा लागला असता. सोमवारी सकाळी तो हात कोणी लावला नाही.

72 किलोमीटर जीप केली. रात्री नऊला भूल देऊन बारीक नळी घातली, सलाइन लावलं. बंड्या वाचला. गाडीचे अडीच हजार, उपचाराचे साडेपाच. माझ्याकडे होते म्हणून. हाच बोका आमच्या गल्लीतल्या धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा असता तर घमेल्याशेजारीच गेला असता, आणि सगळे म्हणाले असते, 'पोट साफ नव्हतं.'

आता राग येण्याचा भाग. डॉक्टरांवर माझा राग नाही. एक माणूस लसीकरण करणार, कानात बिल्ले मारणार, कृत्रिम रेतन करणार, योजनांचे अर्ज तपासणार, शिवाय शेजारच्या दवाखान्याची सही ठोकणार. त्याने बोक्याचं पोट कधी तपासायचं? राग आहे तो रिकाम्या खुर्चीवर, आणि आजार न ओळखताच टोचून मोकळं व्हायच्या सवयीवर. ती सवय मांजरापुरती नाही, हे शेतकरी मित्रांनो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. संकरित गाईला ताप चढला की टोचा. तो गोचिडाने पसरणारा थायलेरिया आहे का, हे रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतं. आपल्या दवाखान्यात ते शेवटचं कधी बघितलं? म्हशीला दगडी झाली तर कोणतं औषध चालेल हे दुधाची तपासणी सांगते. आपल्याकडे ते दुकानदार सांगतो.

'मांजर काय, दुसरं आणता येईल' म्हणणाऱ्यांनी आडतीवर जाऊन विचारावं, बोका नसेल तर पोती कोण राखतं ते. परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर इथे सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे शिकलेल्यांना मांजराची नळी नवी नाही. आपल्या दवाखान्यात ती नळीच नाही, आणि ती काही शे रुपयांना मिळते!

तोवर घरच्यांनी एवढं बघा. बोका घमेल्यात पुन्हा पुन्हा बसतोय, खालून सतत चाटतोय, ओरडतोय आणि वाळू कोरडी आहे, तर सकाळची वाट बघू नका. एरंडेल नको. माणसाची गोळी नको. कुत्र्याचं गोचीड-पिसवांचं औषध मांजराला लावू नका, त्यातलं परमेथ्रिन त्याला झटके आणतं. अंग गरम 'वाटतंय' यावर जाऊ नका, निरोगी मांजराचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, 102 फॅरनहाइट म्हणजे ताप नव्हे. मांजर दोन दिवस जेवलं नाही तर 'रुसलंय' म्हणू नका, उपाशी राहिल्याने त्याचं यकृत बिघडतं.

पंचायत समितीच्या आमसभेसाठी अर्ज लिहून ठेवलाय. मागण्या चारच: कायम डॉक्टर, चालू सूक्ष्मदर्शक, लहान जनावरांसाठी नळ्या आणि भुलीची सोय, आणि डॉक्टर बाहेर असतील तर कोणाला फोन करायचा याचा दारावर फलक. सहीला यायचं असेल तर उद्या संध्याकाळी सहानंतर घरी या. बंड्याही असेल, पण त्याला हात लावू नका, सध्या सगळ्या जगावर चिडलाय.